मरीच्या उन्हाळ्यातला गुळांबा

कैरीतली कोय कडक व्हायला लागली की माझं मन घरात लागत नाही. सून बाजारातून कैऱ्या आणते, धुऊन-पुसून फडक्यावर पसरते, आणि त्यांचा तो हिरवा, दात शिवशिवायला लावणारा वास घरभर होतो. बाकीच्यांना त्या वासानं भूक लागते. मला आधी उठून दार लावून घ्यावंसं वाटतं.

सुनेला बाटलीतलं काही चालत नाही. लेकरांच्या पोटात रंग नको, विकतचं काही नको म्हणून ती सगळं घरीच करते. पुदिन्याची दह्यातली चटणी, चिंच-खजुराची आंबटगोड, जांभळांचा आटवलेला रस. कैरीच्या दिवसांत गुळांबा. पोळी त्यात बुडवून खाताना नातवंडांच्या कोपरापर्यंत ओघळ येतात.

"आई, गुळांब्याला तुमच्याकडं पाणी घालायचे का हो?" ती दरवर्षी विचारते.

"थेंबभरसुद्धा नाही," मी म्हणते. पुढचं सांगत नाही. तिच्या हातात किसणी असते, लेकरं भोवती असतात. अशा वेळी मरीचं नाव कशाला काढायचं?

आमचं गाव हिंगोलीकडल्या डोंगरकडा या गावापासून बैलगाडीनं सकाळभराच्या वाटेवर. तेव्हा आम्ही मोगलाईतले, निजामाच्या राज्यातले. आणि माझी धाकटी काकू, गुंफाकाकू, इंग्रजी हद्दीतली. पैनगंगेच्या पलीकडं वऱ्हाडात तिचं माहेर. नदी ती केवढी, उन्हाळ्यात लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलं की पार होणारी. पण काकू बोलायला लागली की गावातल्या बायांना ती समुद्रापलीकडून आल्यासारखी वाटे. ती 'मला' म्हणत नसे, 'मले' म्हणे. 'तुले', 'काहून वं' ऐकलं की विहिरीवर हसू फुटायचं. लग्न होऊन काही वर्षं झाली होती, पदरात लेकरू नव्हतं. हे सगळं गावानं मनात कुठंतरी ठेवून दिलं होतं. कशासाठी, ते त्या उन्हाळ्यात कळलं.

पण तिच्या हाताला चव होती, ती कोणी नाकारत नव्हतं. चुलीच्या राखेत कैरी भाजायची, तिचा गर हातानंच पिळून काढायचा, त्यात लसूण, जिरं, हिरवी मिरची. कवठ फोडून गुळात कालवायचं. चिंचेचा कोळ तीळ वाटून घट्ट करायचा. भाकरी कोरडी असो, शिळी असो, काकूनं वाटी पुढं सरकवली की ताटात काही उरत नसे. आणि तिचा गुळांबा! किसलेली कैरी, गूळ, सुंठ, थोडी चारोळी. मंद आचेवर तो तासन्‌तास रटरटायचा. आम्ही पोरी भोवती बसलो की ती दरडावायची, "दूर व्हा वं. ओला हात लागला तं सारा बाटून जाईल." भांडं कोरडं, पळी कोरडी, हात कोरडे. ती रडत असली तरी डोळे पुसून मग पळी धरायची. हे मी खोटं सांगत नाही, पाहिलेलं आहे.

माझी माय तिची थोरली जाऊ. मायचं आणि तिचं फार गूळपीठ नव्हतं. माय कमी बोलणारी, कामाला वाघीण, आणि काकूचं कौतुक होई तेव्हा उठून गोठ्याकडं जाणारी. कौतुक रोजच होई.

त्या वर्षी ऊन लवकर आलं. होळी झाली नाही तोच ओढ्याची धार तुटली. गावविहिरीत पोहरा टाकला की आधी खडकाचा आवाज यायचा, मग पाण्याचा. चिमण्या रांजणाखालच्या ओलीत येऊन बसत, आणि हाकललं तरी उडत नसत. दुपारी वारा सुटायचा तो भट्टीतून आल्यासारखा. त्या वाऱ्यात कैऱ्या पटापटा गळायच्या. म्हातारी माणसं म्हणायची, एवढी कैरी गळणं बरं नाही. आम्हा पोरींना मात्र ती चंगळ. आम्ही ओचे भरभरून कैऱ्या आणायचो आणि काकूपुढं ओतायचो.

अशात माणिकरावांच्या लेकीचं लग्न निघालं. खालच्या आळीतलं मोठं घर, शेतीवाडी चांगली. वऱ्हाड येणार म्हणून जेवणाचा घाट मोठा. काकूला बोलावणं आलं, गुळांबा तुम्हीच करायचा. तिनं माणिकरावांच्या घरामागच्या कुडाच्या वाडग्यात तीन दगडांची चूल मांडली आणि दोन मोठी पातेली गुळांबा केला. आम्ही पोरी कैऱ्या किसायला होतो. बोटांच्या सालपटांना आंबट लागून आग होत होती, तरी कोणी उठत नव्हतं.

विहीर एवढ्या माणसांना पुरणारी नव्हती. म्हणून ओढ्याच्या डोहातून बैलगाडीवर पिपं भरभरून पाणी आणलं. डोहात जनावरं बसायची, बाया धुणी धुवायच्या. पाणी फडक्यातून गाळलं आणि त्यात वाळा टाकला. त्या गार, वासाच्या पाण्याचीही लोकांनी तारीफ केली. ते मला लख्ख आठवतं, कारण नंतर ते कुणालाच आठवत नव्हतं.

जेवणं झाली. पत्रावळीवरचा गुळांबा लोकांनी बोटांनी निपटून खाल्ला. नवरदेवाकडचा एक चुलता मोठ्यानं म्हणाला, "ह्या बाईला आमच्या गावाला धाडा!" सगळे हसले. काकू पदर तोंडाला लावून आत पळाली. उरलेल्या गुळांब्यातली एक बरणी माणिकरावांच्या घरून आमच्याकडं वानवळा म्हणून आली.

दुसऱ्या दिवशी तो चुलता गेला. सकाळी पोट बिघडलं, दुपारी डोळे खोल गेले, आणि ऊन उतरायच्या आत त्याला उचलला. वऱ्हाड तसंच घाईघाईनं परत निघालं. नवरी गाडीत बसताना रडत होती आणि तिला उगी करायला कोणाला सवड नव्हती. मग पाणी ओढणारा गडी गेला. मग आमच्या आळीतलं एक लेकरू. मग नवरीची माय.

आता कॉलरा म्हणतात त्या आजाराचं नाव कोणी घेत नव्हतं. पटकी म्हणायचं नाही, मरी म्हणायचं नाही. 'वारं लागलं' म्हणायचं. लोक एकमेकांच्या दारात थांबत नव्हते. घरांतून उलटीचे आवाज यायचे आणि मग ते थांबायचे. थांबल्यावर जास्त भीती वाटायची.

हिंगोलीहून सरकारी दवाखान्याचा एक माणूस आला. त्यानं गावविहिरीत लाल दवा टाकली, आणि उकळून पाणी प्या असं सांगून घाईनं पुढच्या गावाला निघून गेला. पोहरा वर आला तो गुलाबी पाणी घेऊन. ते पाहून बायांनी घागरी तिथंच पालथ्या केल्या. विहिरीत रक्त उतरलं, असं एकीनं म्हटलं, सरकारनं विष टाकलं असं दुसरीनं, आणि गाव विहीर सोडून डोहाकडं वळलं. माझे वडील, आबा, तेवढे हटून बसले. "आमाला मारून सरकारला काय मिळणार? मग शेतसारा कोन भरंल?" ते म्हणाले. आमच्या घरात गुलाबी पाणी उकळून येत राहिलं. मी डोळे मिटून प्यायची.

डोहाचं पाणी पिणारी घरं एकामागून एक आडवी होत होती. पण पाण्याकडं कोण बघतो? पाणी तर सगळेच पितात. लोक असं काही शोधत होते, जे एकाच माणसाच्या हातचं असेल.

पहिल्यांदा ते चेष्टेतच निघालं. डोहाच्या वाटेवर कुणीतरी म्हणालं, "वऱ्हाडातलं गोड आपल्या पोटाला सोसलं न्हाई." मग चेष्टा राहिली नाही. काय घातलं होतं पातेल्यात? ती आम्हाला जवळ का येऊ देत नव्हती? ओला हात लागू द्यायचा नाही, तो का? जी गोष्ट तिच्या शहाणपणाची होती तीच आता तिच्यावर उलटली. काकू दिसली की बाया लेकरांना आत ओढून घ्यायच्या.  काका दिवसभर शेतातल्या आखाड्यावर, गुरांच्या कोठ्यात बसून दोर वळायचा. एवढ्या दोराचं काय करणार, असं विचारायची मला भीती वाटे.

आणि एका सकाळी शिवेवर गाडा दिसला.

मरीआईचा गाडा. हातभर लांबीचा, लाकडी चाकांचा. त्यात हळदीकुंकवानं माखलेली आई, हिरवा खण, बांगड्या, लिंबं. शेजारच्या गावानं त्यांच्याकडची मरी त्यात बसवून आमच्या हद्दीत आणून सोडली होती. रीतच ती, आपण तो वाजतगाजत पुढच्या गावाच्या शिवेवर नेऊन सोडायचा. आम्ही पोरी पळत जाऊन लांबून पाहून आलो. उन्हात तो एवढासा गाडा एकटा उभा होता. वाऱ्यानं त्यातला खण हलायचा आणि आत कोणी बसलंय असं वाटायचं. तेव्हापासून मला लेकरांची लाकडी खेळगाडीसुद्धा घरात बघवत नाही.

त्याच दिवशी कोतवाल आमच्या दारात आला. उद्या सकाळी पारावर बैठक आहे आणि गुंफाबाईला आणायचं आहे, एवढं सांगून पाणीही न घेता परत गेला. काकू जात्यावर बसली होती. तिनं दळण थांबवलं नाही. दाणे संपले तरी नुसतं जातं ओढत राहिली. खुंट्याशी तिचा हात पांढराफटक दिसत होता.

पारावर गावातले सगळे पुरुष जमले होते. बाया घरांच्या आडोशाला, ओट्यांवर. काकू एकटी कडुलिंबाखाली उभी राहिली. काका तिच्यापासून चार हातांवर, मान खाली. पाटील वाईट माणूस नव्हता. त्याच्या घरातलंही एक माणूस गेलं होतं, आणि त्याचा आवाज बसलेला होता.

"गुंफाबाई," तो म्हणाला, "गावाचा इचार झाला हाय. गाडा पुढं न्यायचा हाय. तुमी त्याच्यासंगं शिवंपर्यंत जावा आन्‌ तसंच माहेरला जावा. मागं फिरू नका. गावाला तकलीफ नको."

काकूनं डोक्यावरचा पदर नीट केला. "एक इचारू का?" ती म्हणाली. "माणिकरावच्या घरच्या बाईनं आंबट सोडलं होतं. लेकीच्या लग्नाचा नवस होता तिचा. माह्या हातची कैरी तिनं बोटाले सुदिक लावली न्हाई. मंग ती काहून गेली?"

 माणिकराव तिथंच बसले होते. त्यांनी वर पाहिलं आणि हळूच मान हलवली. "व्हय. तिनं आंबट सोडलं व्हतं."

मला वाटलं, संपलं. आता सगळ्यांना कळलं. मी तेव्हा इतकी लहान होते की खरं बोललं की लोक ऐकतात असं मला वाटायचं.

मागून कुणीतरी ओरडलं, "खाल्ली न्हाई, पर नजर तर लागली ना तिची!" आणि ते ऐकून लोकांना सुटल्यासारखं झालं. व्हय, व्हय, बराबर हाय, असा आवाज उठला. एकानं खाली वाकून दगड उचलला. फेकला नाही, नुसता हातात धरून ठेवला. त्याच्या शेजारच्यानंही उचलला.

तेव्हा माय ओट्यावरून उतरली. माझा दंड तिच्या मुठीत होता आणि काखेत ती बरणी. पारावर बाई अशी कधी चालत आली नव्हती, त्यामुळं लोकांनी नकळत वाट दिली. ती पाटलाच्या पुढ्यात मातीत बसली आणि बरणीचं फडकं सोडलं.

"त्याच पातेल्यातला हाय," ती म्हणाली. "माणिकरावांच्या घरून आलेला. त्यान्ला इचारा."

तिनं पदराआडून भाकरी काढली, तुकडा मोडला, गुळांब्यात बुडवला आणि खाल्ला. सगळ्यांच्या समोर, सावकाश, चावून. दुसरा तुकडा बुडवला तेव्हा मला वाटलं तोही ती खाणार. तिनं माझी हनुवटी धरली.

"तोंड उघड, कौसे."

आबा पुढं धावले. "काय करायलीस? लेकरू हाय ते!"

मायनं त्यांच्याकडं पाहिलं नाही. ती माझ्याकडं पाहत होती. मी तोंड उघडलं. आधी गोड लागलं, मग आंबट, आणि गिळताना सुंठेची धग घशातून खाली उतरत गेली.  एवढ्या लोकांत मला माझ्याच दातांखालचा चारोळीचा दाणा फुटल्याचं ऐकू आलं. तिनं आणखी एक घास दिला. आणखी एक.

काकू लिंबाखालून ओरडली, "बाई, नका! मी जातो, मी जातो ना!"

 पाटील म्हणाला, "ठीक हाय. पोरगी जित्ती राहिली तर बाई गावात राहील. न्हाई तर..."  लोक पांगले. ज्यांच्या हातात दगड होते त्यांनी ते आपापल्या घराच्या दारात गेल्यावर खाली टाकले.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते सांगता येत नाही. गाव माझ्याकडं बघत होतं. सकाळी दार उघडलं की अंगणापलीकडं कोणीतरी उभं असायचं. "कौसे, पोटात कळ येती का गं?" "कौसे, जीभ दाखव." विचारणाऱ्यांच्या डोळ्यांत माया होती की नाही, हे मी आजही ठरवू शकत नाही. काहींना मी जगायला हवी होते. काहींना, कोडं लवकर सुटायला हवं होतं. पोटात नुसतं गुरगुरलं तरी मी घामानं भिजायची. मला मरणाची भीती होतीच. पण माझ्या मरणानं आणखी एक बाई मरणार, ही भीती त्याहून मोठी होती. काकू माझ्या अंथरुणाशी बसून असायची. मी जेवले की जेवायची. माझ्या कपाळाला हात लावायची तिला हिंमत होत नव्हती, म्हणून माझ्या गोधडीचं टोक धरून बसायची.

मी मेले नाही. मायही मेली नाही.

मग गावानं दुसरी वाट धरली. गाडा सजवला, हलगी वाजवली, आणि पुरुषांनी तो पुढच्या गावाच्या शिवेवर नेऊन सोडला. काकूला कोणी बोलावलं नाही. शिवेपलीकडं त्या गावचे लोक काठ्या घेऊन उभे होते, असं परत आलेले सांगत होते. कधी कधी मला वाटतं, तो गाडा तिथं पोचल्यावर त्या गावानं कुणाला शोधलं असेल? तिथं कोण होती, जिच्या हाताला चव होती, जिची बोली वेगळी होती? आणि तिच्यासाठी कोणी पारावर उतरलं असेल का? सून कैऱ्या किसत असते तेव्हा मी हाच विचार करत असते, आणि ती विचारते, आई, कुठं हरवलात?

पाऊस लागला, डोह गढूळला, लोक नाइलाजानं विहिरीकडं परतले. मरी ओसरली. का ओसरली ते कोणी विचारलं नाही. काकूची कोणी माफी मागितली नाही. पुढच्या वर्षी कुठल्या लग्नाला तिला बोलावलंही नाही. विहिरीवर बाया तिच्याशी बोलू लागल्या, आधी पावसाचं, मग लेकरांचं. जणू मधे काही घडलंच नव्हतं. काकू घरापुरतंच करायची. तेही मागितलं तर.

त्या श्रावणातली एक दुपार. बाहेर झड लागलेली. माय आणि काकू सोप्यात बसून ज्वारी पाखडत होत्या, मी त्यांच्याजवळ खडे वेचत होते.  मग काकूनं सूप खाली ठेवलं.

"बाई, एक इचारायचं राहून गेलं. त्या दिशी तुमाले भेव न्हाई वाटलं? लेकीच्या तोंडात घास घालताना?"

माय पाखडतच राहिली. "वाटलं ना," ती म्हणाली. "म्हणून तर कोतवाल येऊन गेला त्याच सांजेला मी गोठ्यात जाऊन आदी एकटीनं खाल्ला. वाटीभर. आन्‌ लेकरांला जवळ न घेता बाहेर पडून राहिले. तुज्यावर भरवसा न्हवता मला, गुंफे. खरं सांगते."

काकूचा हात सुपावर तसाच राहिला. पन्हाळीतून पाणी पडत होतं.

"आन्‌ तुमी मेल्या असत्या तं?"

मायनं सूप झटकलं. फोलपटं वाऱ्यावर गेली.

"तर कौसीला कोनी खाऊ घातलं नसतं," ती म्हणाली. "आन्‌ तू गेली असतीस."

काकूनं मान हलवली. मग तिनं मायच्या पुढ्यातलं सूप आपल्याकडं ओढून घेतलं आणि उरलेली ज्वारी पाखडायला लागली. माय भिंतीला टेकून बसली, पाय लांब केले, आणि मी पहिल्यांदाच तिला भर दुपारी डोळे मिटताना पाहिलं.